रामीबाईचा शब्द

साहेब, हे तुम्ही केलं. एका म्हातारीच्या तोंडातला शब्द काढून घेतला, त्याचा धोंडा केला आणि तो तिच्याच हातात ठेवून गावाला दाखवलं, की पाहा, हिनं मारलं. तुम्ही शिकलेले. तुमच्या खांद्यावर सरकारनं तारे लावलेत. टेबलावरची घंटी वाजवली की माणूस धावत येतो. पण जांभूळ तांड्याची रामीबाई काय म्हणाली, हे तिची बोली समजणाऱ्या माणसाला विचारावं, एवढं तुम्हाला सुचलं नाही. आणि सुचूनही केलं नसेल, तर त्याहून वाईट.

तर ऐका. गावाला सगळं ठाऊक आहे. फक्त तोंडानं कोणी सांगत नाही.

जांभूळ तांडा गावापासून कोसभर. मधे नाला. नाल्याच्या अलीकडं गाव, बसस्टँड, दवाखाना, तुमचं ठाणं. पलीकडं बंजाऱ्यांची घरं. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडलेली ही माणसं. आता कितीतरी पिढ्या झाल्या, मातीला चिकटलीत, कापूस पेरतात. पण गावाच्या लेखी अजून वाटसरूच. बंजारीण दुकानात आली की दुकानदार आधी बाहेरचं सामान आत ओढतो, मग विचारतो, काय पाहिजे. रामीबाईनं जन्मभर हेच पाहिलं. अंगात आरशांची काचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती हात वर करून खुळखुळ वाजवायची आणि दुकानदाराला म्हणायची, "एवढ्या बांगड्या घालून चोरी करीन तं साऱ्या गावाले ऐकू जाईन ना बापा. घाबरू नोको."

गावात तिला आपलं असं एकच दुकान होतं. बसस्टँडच्या मागं अय्यूब पिंजाऱ्याचं. गाद्या, रजया, उशा. त्या दुकानाच्या उंबऱ्यावर ती पहिल्यांदा बसली, ती गोष्ट आधी सांगावी लागेल. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अय्यूबभाईची बायको हलीमा बाळंत झाली आणि तिला ताप चढला. असा ताप, की अय्यूबभाई तिला एसटीत घालून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. घरी राहिलं कोवळं लेकरू, त्याची लहानगी बहीण गझाला आणि अय्यूबची म्हातारी आई. म्हातारी कापसाचा बोळा शेळीच्या दुधात बुडवून लेकराच्या तोंडात पिळत होती आणि लेकरू ओकत होतं. त्याच दुपारी रामीबाई जुनी गादी पिंजायला टाकायला आली. पाठीला झोळीत तिचा भारत, चार-पाच महिन्यांचा, गुटगुटीत. आतलं रडणं ऐकलं आणि तिच्या काचळीला ओल आली. बायांना हे सांगावं लागत नाही.

"आन इकडं," ती म्हणाली.

म्हातारी घुटमळली. "अरी पर तू... तुम लोगां खाते क्या, पीते क्या..."

"डुक्कर नाई खाल्लं वं बुढे! भाकर अन् अंबाडीची भाजी खाल्ली. पाजू का नोको पाजू, थे सांग. पोट्टं सुकून राह्यलं."

म्हातारीनं लेकरू दिलं. रामीबाई उंबऱ्यावर, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून बसली. लेकरू असं लागलं, की सोडेना. पाठीवरच्या भारतनं मान काढून पाहिलं आणि गळा काढला. तेव्हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत रामीबाई आपल्या बोलीत म्हणाली, "ई बी मारो छ, बेटा. तू बी मारो, ई बी मारो."

साहेब, इथं कान द्या. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, मारो म्हणजे माझा. मारो बेटा, माझा लेक. मारो भिया, माझा भाऊ. तांड्यातली बाई आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून 'मारो छ' म्हणते, तेव्हा बैलसुद्धा कान हलवतो.

महिना उलटून गेला तरी रामीबाई रोज नाला ओलांडून येत होती. हलीमाबी दवाखान्यातून आली ती हाडांचा सापळा होऊन. दूध आटून गेलेलं. ती खाटेवर पडून पाहायची. दोन पोरं, एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर एक. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रामीबाई, मेरा हिस्सा भी थोडा रहने दो." रामीबाई म्हणाली, "घे ना वं, रात्री उठून हागमुताचं कर. थो तुहा हिस्सा." दोघी खूप हसल्या. तिथून जमलं.

मौलवीसाहेबांनी सांगितलं, हे दूधशरीक झालं. या बाईची पोरं आता या मुलाची सख्खी भावंडं, पुढं हिच्या मुलीशी याचा निकाह व्हायचा नाही. अय्यूबभाई हसून म्हणाले, "मौलवीसाब, वो लोगां देनेवाले कहाँ थे?"

त्या लेकराचं नाव अय्याज. बोलायला लागला तेव्हा हलीमाला अम्मी म्हणायचा आणि रामीबाईला याडी. याडी म्हणजे आई. तांड्यातलं कोणतंही पोरगं आपल्या आईला म्हणतं, तसंच.

पोरं मोठी झाली. मग ती कापसाची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वर्षं आली. त्या वर्षांबद्दल तुम्हाला काय सांगायचं, साहेब. तुमची बदलीच त्या बंदोबस्तासाठी झाली होती. दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या, धुरळा उडवायच्या आणि जायच्या. कृषी केंद्राच्या दारावर रोज नव्या बियाण्याची पाटी, आणि शेतात तीच अळी. भाव पडलेला. माणसं चिडलेली, आणि चीड काढायला समोर कोणी नाही. मग ती आजूबाजूला बघायला लागतात. हूल उठली, की शेतातला कापूस रात्री वेचून नेतात. कोण नेतं? गावानं नावं आधीच ठरवून ठेवली होती. नाल्यापलीकडचे, नाहीतर मशिदीमागचे.

रामीबाईची धाकटी लेक वर्षा. तिचं लग्न दिग्रसकडच्या तांड्यात ठरलं होतं. भारत बायकोसकट ऊसतोडीला गेलेला, लग्नाच्या आधी येणार होता. घरचा कापूस विकून झाला होता. शेवटच्या वेचणीचा तेवढा, फरदडीचा, पिवळट पडलेला, रामीबाईनं कोपऱ्यात राखून ठेवला. लेकीला रजई द्यायची होती. मायघरच्या कापसाची रजई.

त्या दिवशी बाजार होता. अय्याज सायकल घेऊन सकाळीच तांड्यात आला. बावीस-तेवीस वर्षांचा उंच पोरगा, बापाच्या दुकानात बसायचा. त्यानं कापसाचं पोतं कॅरिअरवर बांधलं. सरकी काढून आणायची, पिंजायचं, भरायचं, टाके घालायचे, सगळं तोच करणार होता.

"याडी, खोळ कोन्त्या रंगाची घेतं?"

"लाल."

"लाल साऱ्याइच्या राह्यते. हिरवी घेऊ ना."

"हिरवी घेतली तं तिची सासू म्हनन, नवरी पाठवली का झेंडा पाठवला?"

वर्षा आतून ओरडली, "भिया, मले निळी पाह्यजे! मले कोनी इचारतच नाई!"

"तू गप राह्य वं नवरी," अय्याज म्हणाला. "तुले रजईत घालून पाठवतो, दिसनारच नाई कोन्ता रंग हाय थे."

ते दोघं निघाले. नाल्यापर्यंत अय्याज सायकल ढकलत तिच्याबरोबर चालला. मग म्हणाला, याडी, तू कापडाच्या दुकानात हो, मी पोतं दुकानात टाकून येतो, मग दोघं मिळून रंग पाहू. एवढंच ठरलं. तो पुढं गेला.

रामीबाई कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसली. आत ये असं कोणी म्हणालं नाही, आणि तीही गेली नाही. दुकानातला माणूस लांबूनच थान उलगडून दाखवत होता. हातात देत नव्हता. तिनं निळं कापड पाहिलं आणि मनात म्हणाली, पोरगी खरी हाय, निळंच चांगलं दिसन.

समोर, रस्त्याच्या पलीकडं नानाजीचं कृषी केंद्र. नानाजीच्या दारात सकाळपासून माणसं जमली होती. त्यानं विकलेलं बियाणं फसलं होतं. माणसं पावत्या काढून विचारत होती, बोला नानाजी, काय करता? नानाजी घामाघूम झाला होता. कोणीतरी त्याच्या गळ्याशी हात नेला. आणि तेवढ्यात त्या रस्त्यावरून अय्याज गेला. डोक्यावर जाळीची टोपी, सायकलीला कापसाचं पोतं.

नानाजीनं बोट दाखवलं. "मले काय धरता बे? तुमचा कापूस थो चालला पाहा! पिंजाऱ्याकडं कुठचं शेत हाय, इचारा त्याले!"

साहेब, हा पहिला शब्द. तुमच्या चौकशीत हा शब्द कुठं आहे?

गर्दी वळली. नानाजीच्या गळ्याजवळचा हात सुटला आणि सायकलीच्या हँडलला लागला. अय्याज सांगत होता, हा तांड्यातला कापूस आहे, रामीबाईचा आहे. "लमान्याइचा? म्हंजे चोरीचाच!" कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. हसत हसतच पहिला हात पडला. टोपी उडाली. पोतं फाटलं आणि पिवळट कापूस रस्त्यावर सांडला. मग कोणाचे हात, कोणाचे पाय, काही राहिलं नाही.

रामीबाईनं पायरीवरून पाहिलं. आधी तिला कापूस दिसला, मग सायकल, मग तो. ती धावली. गर्दीच्या पाठी होत्या, भिंतीसारख्या. ती साठीकडं झुकलेली बाई. त्या पाठींवर बुक्क्या मारत राहिली, बांगड्या फुटल्या. वऱ्हाडी तिला येत होतं. बाजारात, दवाखान्यात, एसटीत ती वऱ्हाडीच बोलायची. पण माणसाचं काळीज तोंडात येतं तेव्हा त्याची मायबोली येते, दुसरी येत नाही. ती जिवाच्या आकांतानं ओरडली—

"मारो! मारो छ रे! मारो बेटा छ! मारो!"

आणि गावानं ऐकलं, मारो.

जे काठावर उभे होते, हात उचलावा की नाही अशा विचारात होते, त्यांतल्या काहींनी मागं पाहिलं. म्हातारी बंजारीण छाती पिटून ओरडतेय, मारो. हिचाच कापूस दिसतो. मग काय! तेही पुढं झाले. आणि तिचा आवाज ऐकून खाली पडलेल्या अय्याजनं मान वर केली. तिला त्याचे डोळे दिसले. त्याच वेळी सायकलीचा पंप त्याच्या जबड्यावर बसला.

अय्याज जगला. गावातल्या दवाखान्यात तारेनं जबडा बांधला, उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. बोलता येईना, लिहिता येईना. तुम्ही दवाखान्यात आलात, जखमी जबानी देऊ शकत नाही म्हणालात, आणि बाजारात जाऊन विचारलंत, काय झालं? तीन माणसांनी सांगितलं: बंजारीण 'मारो मारो' ओरडली, तिच्यामुळं लोक भडकले. नानाजी त्यात पहिला. गंमत अशी, की तिघांतला एकही या बाबतीत खोटं बोलला नाही. त्यांनी ऐकलं ते सांगितलं. ज्याला बोली येत नाही, त्याच्या कानाचा काय दोष? दोष ऐकणाऱ्याचा नसतो, साहेब. निवाडा करणाऱ्याचा असतो.

तुमच्या ठाण्यात हवालदार देवीलाल होता. दुसऱ्या तांड्यातला, पण गोरच, म्हणजे बंजाराच. रामीबाईला बाकावर बसवलं होतं तेव्हा तो तुमच्या टेबलाशी आला. दोन्ही पाय जोडून म्हणाला, "सर, आमच्या बोलीत मारो म्हणजे माझा. ती 'माझा लेक आहे' म्हणत होती."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझ्या जातीची आहे का ही?"

"हो सर."

"मग बरोबर आहे. तू असंच म्हणणार."

म्हणजे ज्याला बोली समजते तो तिचा माणूस, म्हणून खोटा. ज्याला समजत नाही तो साक्षीदार. असा हा तुमचा कायदा. देवीलालनं टाचा जुळवल्या आणि तो बाहेर जाऊन पाणी प्याला. त्याची लेकरं लहान आहेत. त्याला बोल लावायचा नाही.

पण रामीबाईला तुमच्या ठाण्याचं भय वाटत नव्हतं. तिला घालायचं तर घाला आत. तिला एकाच गोष्टीची धडकी भरली होती. हलीमानं काय ऐकलं? आणि त्यानं, खाली पडलेल्या अय्याजनं, मान वर करून काय ऐकलं?

तुम्ही सोडल्यावर ती तडक दवाखान्यात गेली. वॉर्डाच्या दारात अय्याजची थोरली बहीण गझाला उभी होती. लहानपणी तिच्या केसांना रामीबाईनं कवड्या बांधल्या होत्या. गझालानं दार अडवलं.

"क्या देखने आए अब?"

"बेटा, हलीमाबीले बोलाव. एक खेप."

"अम्मी को नहीं मिलना आपसे. पूरा बाजार बोल रहा, आपने मारो बोला. बोला के नई बोला?"

काय सांगायचं? बोलली होती. तोच शब्द बोलली होती. "बोलली," रामीबाई म्हणाली, "पन बेटा..."

दार लागलं.

ती वॉर्डाच्या मागं, नळाजवळ, ऊन पडतं तिथं जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. येताना डब्यात पेज आणायची, ज्वारीची, पातळ, नळीनं पिता येईल अशी. गझाला घ्यायची नाही. मग नर्सबाईच्या हातात द्यायची. ती काय करते ते विचारायची नाही. दुपारी वर्षा येऊन तिला पाणी पाजायची.

"याडी, चाल ना घरी. थे नाई ऐकत."

"वर्षा, मले एक सांग. मी वऱ्हाडीत काहून नाई ओरडली? 'माहा हाय' म्हटलं असतं तं झालं असतं ना? दोनच तं शब्द हायत. पोट्ट्याचा जबडा वाचला असता."

"तुले कोठी सुचलं तवा!"

"मी त्याले याच शब्दावर वाढोलं वं. पाजतानी म्हटलं, मारो. न्हाऊ घालतानी म्हटलं. ताप आला तं रातभर कानात म्हटलं. अन् याच शब्दानं..." हातातल्या बांगड्या फुटून दंडावर ओरखडे उठले होते, त्यांवर ती बोट फिरवत राहिली. "त्यानं मले पाह्यलं वर्षा. मान वर करून पाह्यलं. त्याले काय वाटलं असन?"

वर्षानं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतल्या उवा पाहायला लागली. उवा नव्हत्या. पण तेवढ्यानं आई थोडी निजली.

एक दिवस ऊन कलल्यावर वॉर्डाचं मागचं दार उघडलं. हलीमाबी. पदर डोक्यावरून खांद्यावर आलेला, पायांत चप्पल नाही. ती नळाजवळ आली आणि रामीबाईसमोर उभी राहिली. रामीबाई उठली नाही.

"आज उसको पूछी मैं," हलीमाबी म्हणाली. "बोली, बेटा, सच बता. रामी ने क्या बोला? मुँह तो बंधा है. सीधा हाथ भी बंधा है. तो उसने ये किया."

आणि हलीमाबीनं डावा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. सावकाश थोपटला. एकदा. परत एकदा. रडत्या लेकराला थोपटावं तसं.

"ऐसा किया. मैं नई समझी. फिर किया. फिर मेरे को याद आया, रामी. तू उसको गोद में लेके ऐसाच थोपटती थी, और क्या बोलती थी?" तिनं हात छातीवरून काढला नाही. "मेरे घर में बैठके बोलती थी. मेरे सामने. बाईस साल मैंने वो लफ्ज सुना, और एक दिन बाजार ने दूसरा मतलब बताया तो मैं भूल गई. मैं माँ होके भूल गई. वो मार खाके भी नई भूला."

रामीबाईनं वर पाहून विचारलं, "त्यानं बराबर ऐकलं?"

"बराबर सुना. तेरा सुनके ही तो सर उठाया उसने."

बंजाऱ्यांत रीत आहे. फार दिवसांनी भेटलेल्या दोघी एकमेकींच्या गळ्यात हात घालून रडतात. मुक्यानं नाही, गाऊन, सूर लावून, गेलेल्या दिवसांची नावं घेऊन. गावातले लोक याला लमाणिनींचं सोंग म्हणतात आणि एसटी स्टँडवर थांबून हसतात. रामीबाई उठली, तिनं हलीमाबीच्या गळ्यात हात घातले आणि सूर लावला. पोराच्या पहिल्या दातापासून ती सुरू झाली. हलीमाबीला ती रीत ठाऊक नव्हती. पण तिनं मान रामीबाईच्या खांद्यावर टाकली आणि जिथं सूर थांबेल तिथं "हाँ, हाँ रामी" म्हणत राहिली. वॉर्डाच्या खिडकीत गझाला उभी होती. थोड्या वेळानं ती पेजेचा डबा घेऊन खाली आली. डबा रिकामा होता.

"खाला," ती मावशीला म्हणावं तसं म्हणाली, "वो और माँग रहा है. नमक थोडा जादा डालो बोलके इशारा किया."

रामीबाई डोळे पुसत म्हणाली, "मिठाचा हावराच हाय थो लहानपनापासून."

त्यानंतर ती वॉर्डात गेली. काय झालं ते सांगायची गरज नाही. त्याच्या उशाशी बसली, एवढं पुरे.

आता तुमची पाळी, साहेब.

दोघी म्हाताऱ्या मिळून तुमच्याकडं आल्या. एक बुरख्यात, एक आरशांच्या काचळीत. बाजार थांबून पाहत होता. तुम्ही त्यांना बाकावर बसवलंत आणि गोड बोललात. हलीमाबीनं सगळं सांगितलं, छातीवर हात ठेवून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "खुणेची साक्ष होत नाही, बाई. आणि उद्या तो बोलला, तरी तिच्या अंगावर प्यालेला. त्याचं कोण धरणार?"

देवीलालला बोली येते, तर तो तिच्या जातीचा. अय्याजला येते, तर तो तिच्या दुधाचा. हलीमाला समजली, तर ती मैत्रीण. साहेब, मग या गावात रामीबाईचं बोलणं समजणारा असा कोण माणूस तुम्हाला चालला असता?

मग तुम्ही आवाज उतरवून तोडगा काढलात. "रामीबाई, वाढवू नका. रागाच्या भरात बोलले, चूक झाली, एवढं म्हणा. मुलाकडची तक्रार नसली तर मी मिटवून टाकतो. गाव शांत राहिलं पाहिजे. वरून रोज फोन येतात मला."

रामीबाई बाकावरून उठली. हलीमाबीनं तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवला नाही.

"चूक झाली म्हनतो ना साहेब," ती म्हणाली. "माहा शब्द लोकाईले कळला नाई, थे खरं. माह्या आवाजानं दोन-चार जन अजून धावले असतीन. थे माह्या जिवाले मरेपर्यंत खाईन. त्याच्यासाठी मले आत घालाचं तं घाला. पन साहेब, माह्या हातात काई नोहतं. काठी नोहती, पंप नोहता. मी त्याच्यापावतर पोचलीच नाई. आवाजानं जबडा मोडते काय?"

तुम्ही टेबलावरची घंटी सरळ केलीत.

"भर बाजार होता. दुपार होती. चाळीस लोक असतीन, का पन्नास असतीन. साऱ्याइले माहा शब्द ऐकू आला. एकालेबी हात नाई दिसला? पंप कोनाच्या हातात होता? टोपी कोनं उडवली? पोतं कोनं फाडलं? तुमी मले इचारून राह्यले, मी काय बोलली. थे तं मी दहा डाव सांगतलं. आता मी तुमाले इचारतो."

हलीमाबी तिच्या शेजारी उभी राहिली. बाहेर पायरीवर देवीलाल उभा होता. त्यानं पाठ फिरवली नाही.

"माह्या पोट्ट्याले कोनं मारलं, साहेब? मी इथं बसतो. नावं सांगा."